विमानं बघायला घरातल्या सगळ्यांनी जावं

रब्बीची पेरणी आटोपलेली असते, उसाला अजून तोड आलेली नसते, असे मधले चार दिवस मिळतात. पोरांचा हट्ट असतो आणि घरातून एखादी सहल निघते. निघते म्हणजे कोण निघतं? घरधनी, दोन मुलगे आणि फार तर एखादा मेव्हणा. म्हशीची धार कोण काढणार, म्हातारीकडे कोण बघणार, म्हणून कारभारीण मागे. आईच्या हाताखाली हवी म्हणून मुलगीही मागे. त्यातून विमानं बघायची असली तर विचारायलाच नको. "तिला काय कळतंय त्यातलं?" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. बोललाही असाल, मला ठाऊक आहे.

म्हणून या खेपेला मुद्दाम विमानांबद्दलच लिहितो.

गोव्यात वास्कोजवळ, दाबोळीच्या विमानतळाला लागून बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. १९९८ साली ते सुरू झालं. देशावरून जायचं तर पुणे, मिरज, बेळगाव करत गोवा एक्स्प्रेस थेट वास्कोला जाते. कोकणातल्या मंडळींनी मडगावला उतरून बस धरावी. तिकीट माफक आहे. सोमवारी बंद असतं, तेव्हा निघण्याआधी चौकशी करावी. विमानं उघड्या मैदानात उभी आहेत, त्यामुळे पावसाळ्यात जाण्यात अर्थ नाही आणि वैशाखातल्या दुपारीही नाही.

आत शिरलं की नजर आधी जाते ती एका थोराड विमानाकडे. त्याचं नाव सुपर कॉन्स्टेलेशन. अंग माशासारखं बाकदार, शेपटीला एक नव्हे तर तीन उभी पाती, आणि एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत १२३ फूट. जेट विमानं येण्यापूर्वी एअर इंडिया असल्या विमानांनी उतारू परदेशी नेत असे. पुढे हे हवाई दलाकडे गेलं आणि १९७६ साली समुद्रावर पहारा करायला नौदलाकडे आलं. त्याला चार इंजिनं आहेत. तुमच्या विहिरीवर जे ऑइल इंजिन आहे किंवा होतं, त्याला सिलिंडर एक. ट्रॅक्टरला तीन-चार. या विमानाच्या एकेका इंजिनाला अठरा. चारांचे मिळून बहात्तर! हा हिशेब पोरांना तिथेच तोंडी घालावा. ज्यानं भर उन्हाळ्यात एका सिलिंडरचं इंजिन सुरू होईना म्हणून हँडल मारून मारून घाम गाळला आहे, त्याला बहात्तर सिलिंडर सांभाळणाऱ्या मिस्त्रींची कदर शहरातल्या माणसापेक्षा लवकर कळेल.

आता हेलिकॉप्टरांकडे चला, आणि इथे कारभारणीला पुढे करा. पिठलं घोटताना काय होतं? घोटणाऱ्या हाताबरोबर पातेलंही फिरू लागतं, म्हणून दुसऱ्या हातात सांडशी धरून ते आवळावं लागतं. हेलिकॉप्टरची गोष्ट याच जातीची आहे. डोक्यावरचा मोठा पंखा एका अंगाला फिरला की खालचं धूड उलट्या अंगाला फिरू बघतं. ते फिरू नये म्हणून शेपटीला एक छोटा पंखा लावलेला असतो, तीच त्याची सांडशी. तिथलं सी किंग बघा, शेपटीचा पंखा दिसेल. मग रशियन बनावटीचं कामोव्ह बघा, त्याला तो नाहीच. त्याच्या डोक्यावर एकावर एक असे दोन मोठे पंखे आहेत. एक डावीकडे फिरतो, दुसरा उजवीकडे, त्यामुळे दोघांचा ओढा एकमेकांत जिरतो. हे कोड्यासारखं मुलांना विचारा, आणि उत्तर त्यांच्या आईला सांगू द्या.

सी किंगचं काम पाणबुडी शोधायचं. ते समुद्रावर एका जागी तरंगत उभं राहतं आणि विहिरीत पोहरा सोडावा तसं पोटातून दोराला बांधलेलं यंत्र पाण्यात सोडतं. ते यंत्र आवाज करतं आणि परत येणारा आवाज ऐकतं. कोरड्या विहिरीच्या काठावर उभं राहून हाक मारली की विहीर हाक परत देते ना, तसंच. किती वेळानं हाक परत आली यावरून लोखंडी चोर किती लांब दडला आहे ते कळतं.

जवळच सीलँड नावाचं छोटं विमान आहे. त्याचं पोट होडीचं, कारण ते पाण्यावरही उतरत असे. नौदलाच्या हवाई शाखेचा श्रीगणेशा १९५३ साली झाला तो याच जातीच्या विमानांवर.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो सी हॉक आणि आलिझे या दोन विमानांपाशी. ही दोन्ही विक्रांत जहाजावरून उडणारी. जहाजाची लांबी सुमारे ७०० फूट. चौरस एकराची बाजू २०८ फूट धरली तर साडेतीन बाजूंनाही थोडी कमीच. एवढ्याशा जागेत, तीही हलणारी, विमान उडवायचं आणि उतरवायचं. उतरताना शेपटीखालचा आकडा डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी दोरांपैकी एकात अडकतो आणि विमान जागच्या जागी खेचून धरलं जातं. उडवताना जहाज आपलं तोंड वाऱ्याकडे करून भरधाव निघतं, म्हणजे पंखांना आयता वारा मिळतो. खळ्यावर उपणायला उभं राहताना वाऱ्याचा अंदाज घेणाऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

पण विक्रांतला भरधाव जाताच येत नव्हतं. १९७१ साली तिच्या चार बॉयलरपैकी एकाला तडे गेलेले होते. वेग कमी म्हणजे वारा कमी, आणि वारा कमी म्हणजे विमान उडवणं जिकिरीचं. तरी तिला बंगालच्या उपसागरात नेलं, आणि ४ डिसेंबरला तिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझारच्या विमानतळावर हल्ला केला. वैमानिकांची नावं गाजली, ती गाजायलाच हवीत. पण आजारी बॉयलरवर जहाज चालतं ठेवणारे खाली उकाड्यात राबत होते, त्यांचीही आठवण मुलांना द्या.

आणि एक गोष्ट लपवू नका. आलिझेत तीन माणसं बसत. १० डिसेंबर १९७१ रोजी अरबी समुद्रावर आपलं एक आलिझे शत्रूच्या जेट विमानानं पाडलं. त्यातली तिघंही परत आली नाहीत. विमानाला टेकून फोटो काढायच्या आधी हे सांगितलं, तर मुलं जरा वेळ गप्प होतील. होऊ द्या.

सी हॅरियर मात्र पोरांना खुलवतं. आपल्या सेवेत ते १९८३ ते २०१६ होतं. त्याच्या कुशीला चार तोंडं आहेत. फवारणी पंपाचं नोझल जसं हवं तिकडे वळवता येतं तशी ती तोंडं वळतात. मागे वळवली की विमान पुढे पळतं, खाली वळवली की जागच्या जागी उतरतं. आतल्या दालनात इंजिनं, पाणतीर, वैमानिकाचे पोशाख आणि जहाजांच्या प्रतिकृती आहेत. पायांना विसावा तिथेच मिळतो.

आता मुलीबद्दल. २ डिसेंबर २०१९ रोजी कोचीला सब लेफ्टनंट शिवांगी नौदलाच्या पहिल्या महिला वैमानिक झाल्या. त्या बिहारातल्या मुझफ्फरपूरच्या. विमान समोर उभं असताना हे नाव मुलीला सांगायचं, तर मुलगी तिथे हवी. घरी शेण काढत असेल तर कुणाला सांगणार?

म्हशीचं म्हणाल, तर पेरणीला सावड करता, मग धारेची सावड का नको? या आठवड्यात शेजारणीनं दोन दिवस तुमची जनावरं बघावी, पुढच्या आठवड्यात तुम्ही तिची. ती सहलीला जाणार असेल किंवा माहेरी, तिची मर्जी. दुधाचे पैसे आधीच ठरवून घ्या, म्हणजे मागाहून कुरबूर नको.

निघताना सुपर कॉन्स्टेलेशनपाशी पुन्हा एकदा थांबा. याच दाबोळीच्या धावपट्टीवर १८ डिसेंबर १९६१ ला, गोवामुक्तीच्या वेळी, आपल्या विमानांनी बाँब टाकून खड्डे पाडले होते. त्या रात्री पोर्तुगीजांचं एक कॉन्स्टेलेशन आणि दुसरं एक विमान उरलेल्या अपुऱ्या पट्टीवरून अंधारात उडालं आणि कराचीला निसटलं. ती धावपट्टी आजही वापरात आहे. नौदलाची जेट विमानं तिथूनच उडतात, आणि त्यांचा आवाज फार मोठा असतो. म्हातारीला बरोबर नेलं असेल तर तिच्या कानांवरून पदर आधीच नीट घेऊन ठेवा.