यात तुझं कमिशन किती?

तू व्हिडिओंत आम्हा प्रेक्षकांना काका-मावशी म्हणतोस, म्हणून एकेरीतच लिहितो.

"विमा वेगळा, गुंतवणूक वेगळी" हे तुझं पालुपद आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. एजंट आला की आधी त्याचं कमिशन विचारा, हेही तूच शिकवलंस. आम्ही विचारलं. जुन्या ओळखीचा माणूस चहा अर्धा टाकून उठला.

मग गेल्या दिवाळीच्या व्हिडिओत तुला एकदम युलिप, म्हणजे विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी, कशी आवडायला लागली? त्या व्हिडिओसाठी विमा कंपनीने पैसे दिलेत, हे एकदाही तोंडातून का निघालं नाही?

लिहिलं होतं, म्हणशील. हो, सापडलं. व्हिडिओखालचा मजकूर उघडला, तुझ्या माईकची लिंक, कॅमेऱ्याची लिंक, मग हॅशटॅगची रांग आणि त्या रांगेत इंग्रजीत 'कोलॅब'. एरवी इतकं छान मराठी बोलतोस, नेमकं हेच इंग्रजीत का?

नियम तुला ठाऊक नाहीत असं थोडंच आहे? ग्राहक व्यवहार विभागाची जानेवारी २०२३ची मार्गदर्शिका आली, तेव्हा तूच ती समजावून सांगितली होतीस. पैसे घेतले असतील तर ते व्हिडिओत दिसलं पाहिजे, ऐकूही आलं पाहिजे; ज्या भाषेत शिफारस त्याच भाषेत, हॅशटॅगच्या गर्दीत नको. "मी तर आधीपासूनच पाळतो," म्हणाला होतास.

पैसे घेतलेस याचा राग नाही रे. पोट सगळ्यांनाच आहे. पण एजंटाला कमिशन मिळतं हे माहीत असायचं, म्हणून त्याच्या बोलण्यातून आम्ही थोडं वजा करून घ्यायचो. तुझ्या बोलण्यातून काय वजा करायचं, हे तू कळूच दिलं नाहीस.

पाच वर्षं पैसे अडकतात, हे तू घाईघाईत उरकलंस. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, हे सांगितलंच नाहीस. तुझं ऐकून ती घेतलेल्या माझ्या मेहुणीला कंपनीचं नाव आजही धड आठवत नाही. ती "त्याने सांगितलेली पॉलिसी" असंच म्हणते. कंपनीने पैसे मोजले ते याच भरवशाचे ना?

आता तो व्हिडिओ गुपचूप काढून टाकू नकोस. नवा कर आणि स्वच्छ मराठीत सांग, कोणी दिले, किती दिले. पुढेही कोणाचे घेशील, तर पहिल्याच वाक्यात सांग. ऐकायचं की नाही, ते आम्ही ठरवू.