जामीनदार कोण?

बँकेत चौतीस वर्षं काढली की माणसाला एक खोड लागते. कुठलाही कागद समोर आला की तो शेवटच्या पानाकडून वाचायला लागतो. पहिल्या पानावर काय देणार ते लिहिलेलं असतं, शेवटच्या पानावर काय देणार नाही ते. मी लग्नपत्रिकासुद्धा उलटून पाहते, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. या खोडीपायी गेल्या उन्हाळ्यात अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या एका गाडीविक्रेत्याच्या कचेरीत, मी माझ्या थोरल्या बहिणीच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि परक्या माणसांसमोर तिचा राग ओढवून घेतला.

ताई एकोणसत्तर वर्षांची, भाऊजी बहात्तरचे. भाऊजी मूळचे कोथरूडच्या किर्लोस्कर कमिन्समधले. तिथून ते कंपनीच्या मूळ गावी, इंडियानातल्या कोलंबसला गेले आणि तिथेच निवृत्त झाले. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायपास झाली. इस्पितळातून घरी आल्यावर माणसं सहसा मृत्युपत्र करतात. भाऊजींनी मोठं घर विकून लहान घर घेतलं आणि उरलेल्या पैशांत मोटरहोम घ्यायचं ठरवलं. ताईला ते मुळीच पटलं नव्हतं. "चाळीस वर्षं घर पुसलं, आता त्या घराला चाकं लावताहेत," असं ती मला फोनवर म्हणाली होती. पण गाडी पाहायला गेल्यावर पहिल्यांदा आत चढून ओट्याची उंची पाहून आली ती हीच.

महाराष्ट्र शासनानं २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, त्यामुळे ही वस्तू आता आपल्याला अगदीच अपरिचित नाही. तरी अमेरिकेतलं प्रकरण निराळं. पुढे फोर्डच्या ट्रकचं तोंड, मागे घर. शेगडी, फ्रिज, संडास-न्हाणी, दोन पलंग, छतावर वातानुकूलन यंत्र, विजेचा जनरेटर आणि बटण दाबलं की बाहेर सरकणारी एक भिंत. इंडियानाच्या उत्तरेला एल्कहार्ट नावाचा परगणा आहे. अमेरिकेतली बहुतेक फिरती घरं त्या भागातच बांधली जातात. म्हणजे ताईचं हे दुसरं घर तसं माहेरचंच.

किंमत ठरली. निम्मी रोख, निम्म्याचं पंधरा वर्षांचं कर्ज. सगळ्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. त्यानंतर आम्हाला एका वेगळ्या छोट्या खोलीत नेलं. तिथला तरुण अतिशय गोड होता. त्यानं ताईच्या नातवंडांची नावं विचारून घेतली आणि मग एक कागद पुढे सरकवला. सात वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी, सात हजार दोनशे डॉलर. "दिवसाला तीन डॉलरसुद्धा पडत नाहीत," तो म्हणाला. "कर्जातच घालून टाकू, तुम्हाला कळणारसुद्धा नाही." ताईनं पेन उचललं ते याच वाक्यावर.

आणि मी ते काढून घेतलं तेही याच वाक्यावर. कारण हे वाक्य मी स्वतः बोललेली आहे.

२००० साली रिझर्व्ह बँकेनं बँकांना विम्याच्या धंद्यात उतरायला परवानगी दिली. पुढे काही वर्षांनी मी शाखाधिकारी असताना वरून आकडे यायला लागले : या महिन्यात इतक्या पॉलिसी. एक निवृत्त प्राथमिक शिक्षक मुदत ठेवीचं नूतनीकरण करायला आले होते. मी त्यांना चहा दिला, नातीचं नाव विचारलं आणि दरवर्षी हप्ता भरावा लागेल अशी पॉलिसी गळ्यात मारली. दुसऱ्या वर्षी त्यांना हप्ता झेपला नाही. ते आले, समोर बसले, आवाजही चढवला नाही. "बाई, तुम्ही म्हणालात म्हणून सही केली," एवढंच म्हणाले. मी पुढे कादंबऱ्या लिहिल्या, त्यात वाईट माणसं रंगवली. पण त्या गुरुजींचं वाक्य मला कुठल्याच पात्राच्या तोंडी घालता आलं नाही.

तर मी त्या तरुणाला म्हटलं, कागद घरी नेऊन वाचते. आजचाच भाव आहे, असं तो म्हणाला. मी म्हटलं, असू दे.

रात्री जेवणं झाल्यावर भाऊजी आणि मी टेबलाशी बसलो. ताई माझ्याशी बोलत नव्हती. ती भांडी विसळत होती, जरा जास्तच आवाज करून.

पहिली गोष्ट म्हणजे ही वॉरंटी नव्हेच. अमेरिकेत १९७५ साली मॅग्नसन-मॉस नावाचा कायदा झाला. वस्तूच्या किमतीतच अंतर्भूत असते ती वॉरंटी; वेगळे पैसे मोजून घ्यायचा तो सेवाकरार, असा भेद त्यात आहे. दुकानदार मात्र त्याला बिनदिक्कत वाढीव वॉरंटी म्हणतात, कारण करार म्हटलं की गिऱ्हाईक चष्मा काढतं. आपल्याकडे फ्रिज घेताना काउंटरवर विचारतात ती वाढीव वॉरंटीही याच कुळातली.

खरी वॉरंटी आधीपासून होतीच, पण तुकड्यातुकड्यांत. ट्रकच्या भागाला फोर्डची तीन वर्षं किंवा छत्तीस हजार मैल, इंजिन-गिअरला पाच वर्षं किंवा साठ हजार मैल. मागचं घर बांधणाऱ्याची फक्त एक वर्ष. फ्रिजवाल्याची वेगळी, जनरेटरवाल्याची वेगळी. जनरेटर ओनानचा, म्हणजे कमिन्सचाच निघाला, तेव्हा भाऊजींचा चेहरा असा फुलला की जणू मुलीला ओळखीच्या घरातलं स्थळ आलं. आम्हाला देऊ केलेल्या कराराची सात वर्षं मात्र खरेदीच्या दिवसापासून मोजलेली. म्हणजे पहिल्या वर्षी ज्याची जबाबदारी घर बांधणाऱ्यावर होती, त्याचेच पैसे आम्ही दुसऱ्यांदा भरणार.

मग कर्जात घालण्याचा हिशेब. सात हजार दोनशे डॉलर, आठ टक्के, पंधरा वर्षं. महिन्याला एकोणसत्तर डॉलरच्या आसपास हप्ता आणि शेवटपर्यंत एकूण बारा हजार चारशेच्या घरात. करार सातव्या वर्षी संपणार, हप्ते पंधराव्यापर्यंत. भाऊजी तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांचे असतील. हा आकडा मी कागदावर मांडला आणि लगेच त्यावर हात ठेवला. भाऊजींनी तो वाचला होताच. "असेन की," ते म्हणाले, "पण गाडी चालवत नसेन."

मला वाटतं, निर्णयाचा गाभा तिथे होता आणि आम्ही दोघंही त्याच्या कडेकडेनं फिरत होतो. सात वर्षांची हमी कोणाला? गाडीला. त्या माणसाला ती कोणी दिली होती?

भाऊजींनी विषय बदलला. इंजिनवाला माणूस, त्यांनी वही काढली आणि काय काय मोडेल याची यादी केली. त्यांच्या मते पुढचा ट्रक मोडणार नाही, मोडेल ते घर. विटांच्या घराला शंभर वर्षांत एखादा धक्का बसतो. हे घर रस्त्याला लागलं की त्याचं रोजच कोयनानगर. स्क्रू सैल होतात, नळाचे सांधे ठिबकतात, बिजागऱ्या निखळतात. सरकत्या भिंतीची मोटर, छतावरचं वातानुकूलन, फ्रिज ही तीन मोठी दुखणी. तिन्ही एकाच वर्षी आली तरी खर्च कराराच्या किमतीपेक्षा कमीच भरेल, असा त्यांचा अंदाज. पण फिरत्या घराचा खरा वैरी पाणी. छताच्या सांध्यांतून ते आत झिरपतं, लाकूड कुजतं, भिंत फुगते आणि ते दुरुस्त करायचं तर निम्मं घर उघडावं लागतं. मी शेवटचं पान उघडलं. पाणी झिरपून झालेलं नुकसान : वगळलेलं. सांधे आणि लांबी : वगळलेली. झिजेनं आलेला बिघाड : वगळलेला. शिवाय प्रत्येक दुरुस्तीला पहिले दोनशे डॉलर आपले, आणि दुरुस्तीला हात लावण्याआधी त्यांची मंजुरी घ्यायची.

बँकेत आम्हाला एक गोष्ट पहिल्याच वर्षी शिकवत : ऋणकोचा चेहरा पाहू नका, जामीनदाराचा सातबारा पाहा. आपल्या १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. इथे कागदावर तिघं होते. विकणारा एक, दावे तपासणारा दुसरा आणि पैसे कमी पडले तर उभी राहणारी विमा कंपनी तिसरी, सर्वांत बारीक अक्षरात. हा तिसरा असणं फार महत्त्वाचं. मोटारींचे असे सेवाकरार विकणारी मिसूरीतली यूएस फिडेलिस ही कंपनी २०१० साली दिवाळखोरीत गेली आणि तिच्या मालकांनी पुढे गुन्हा कबूल केला. त्याच्या आदल्या वर्षी, मार्च २००९ मध्ये, फ्लीटवूड आणि मोनॅको ही मोटरहोमच्या धंद्यातली दोन मोठी घराणी एकाच महिन्यात दिवाळखोरीच्या कोर्टात उभी होती. तेव्हा कारखान्याची वॉरंटीसुद्धा कारखाना जगेल तोवरच. आमच्या कागदावरची विमा कंपनी बरी होती, एवढं मात्र त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

आणखीही एक गोष्ट त्यांच्या बाजूची. ज्याच्या खात्यात अचानक आलेलं पाच हजारांचं बिल भरायची सोय नाही, किंवा ज्यानं जुनं, अवजड, डिझेलचं धूड घेतलं आहे, त्यानं असा करार घेतला तर मी त्याला वेडा म्हणणार नाही. फक्त वगळलेल्या भागांची यादी वाचून घ्यावा, घासाघीस करून घ्यावा, आणि कर्जात घालू नये. घाईही नसते. कारखान्याची वॉरंटी संपायच्या आत असे करार नंतरही मिळतात. 'आजचाच भाव' हा भाव उद्याही असतो.

इतकं सगळं झाल्यावर ताई हात पुसत येऊन बसली.

"तुम्हा दोघांना हिशेब कळतो," ती म्हणाली. "मला एवढंच सांगा, वायोमिंगमध्ये रात्री बारा वाजता ही गाडी बंद पडली आणि यांच्या छातीत दुखायला लागलं, तर मी फोन कोणाला करू?"

आम्ही दोघं गप्प. मी कागद पुन्हा चाळला. दावे विभागाची वेळ : सोमवार ते शुक्रवार, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. मी तो आकडा तिला दाखवला. माझं म्हणणं सिद्ध झालं होतं आणि मला त्याचा जराही आनंद झाला नाही. ती सात हजार डॉलर देऊन गाडीची दुरुस्ती विकत घेत नव्हती. तिला रात्री बाराला फोन उचलणारं माणूस हवं होतं, आणि त्या तरुणानं तिला तेच विकलं होतं. कागदावर मात्र ते नव्हतं.

दुसऱ्या दिवशी करार नको म्हणून कळवलं. तरुण हिरमुसला, भाव हजार डॉलरनं खाली आला, तरी नको म्हटलं. ताईच्या प्रश्नासाठी रस्त्यावरच्या मदतीची वेगळी वर्गणी घेतली. गाडी अडली तर चोवीस तास फोन, आणि एवढं मोठं वाहन ओढून न्यायची सोय. वर्षाला दोनशे डॉलरही नाहीत. भाऊजींनी वेगळं खातं उघडलं, त्यात सुरुवातीला तीन हजार घातले आणि पुढे दरमहा शंभर. खात्याला नाव दिलं 'कोयना'. दर तीन महिन्यांनी शिडी लावून छताचे सांधे तपासायचे, हे त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहून ठेवलं. बायपास झालेल्या माणसानं शिडी चढायची की नाही, यावर त्या घरात अजून वाद चालू आहे.

दुखणं आलं नव्हतं असं नाही. ऑक्टोबरात फ्रिज बंद पडला. तो पहिल्याच वर्षात होता म्हणून फुकट बदलून मिळाला, पण दुरुस्तीवाल्यानं पाच आठवड्यांनंतरची तारीख दिली. तो वेळ कुठलाच करार भरून देत नाही. पाच आठवडे त्यांनी बर्फाच्या पेटीवर काढले.

पण मला आठवतो तो गाडी घरी आल्यानंतरचा पहिला रविवार. एका बंद पडलेल्या मॉलचं रिकामं पार्किंग होतं. ताईनं चष्मा पुसला, खुर्ची पुढे घेतली, पुन्हा मागे घेतली. भाऊजी शेजारी बसले होते, मी मागे ओट्याला धरून उभी. पस्तीस वर्षं अमेरिकेत छोटी मोटार चालवलेली माझी बहीण तो साडेसहा टनी संसार तासाला पाच मैलांनी वळवत होती. कपाटातली ताटं खणखणत होती.

"अहो, ब्रेकवर पाय आहे माझा," ती म्हणाली. "तुम्ही तुमचा पाय कशाला दाबताय?"