चाकाची खुर्ची आणि अध्यक्षाची खुर्ची

पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या काळात मदिनेत रमजानच्या पहाटे दोन अजान होत. पहिली हजरत बिलाल यांची, रात्र बाकी असताना. झोपलेल्यांनी उठावे, सहरीची तयारी करावी, यासाठी. दुसरी हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम यांची. ती झाली की खाणेपिणे बंद आणि रोजा सुरू. बिलाल यांची अजान ऐकून हात थांबवू नका, इब्ने उम्मे मक्तूम यांची अजान होईपर्यंत खा-प्या, असे पैगंबरांनी लोकांना सांगून ठेवले होते. हे इब्ने उम्मे मक्तूम दृष्टिहीन होते. पूर्वेचा उजेड त्यांना दिसत नसे. पहाट झाली, पहाट झाली, असे लोक त्यांना सांगत आणि मग ते अजान देत.

रमजानवर होणाऱ्या भाषणांत ही गोष्ट बहुधा सहरीची वेळ समजावण्यापुरती येते. तिच्यातली दुसरी बाजू सुटून जाते. उजाडले की नाही हे कळण्यासाठी त्यांना मदत लागत होती आणि ती मिळतही होती. पण मदत लागते म्हणून अजानचे काम डोळस माणसाकडे सोपवले गेले नाही. शहराने त्यांना उजेड सांगायचा आणि त्यांनी शहराला रोजा सांगायचा, अशी ती वाटणी होती. पैगंबर मोहिमेवर बाहेर असताना मदिनेत नमाजचे नेतृत्व करायची जबाबदारीही अनेकदा त्यांच्यावर असे. हेच गृहस्थ पूर्वी मक्केत काही विचारायला आले, तेव्हा पैगंबर कुरैशच्या सरदारांशी बोलत होते. मध्येच आलेल्या व्यत्ययाने त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्या प्रसंगावर कुरआनची ‘अबस’ ही सूरह उतरली आणि शिकायची ओढ घेऊन आलेल्या माणसाला मागे ठेवू नये, ही जाणीव तिने करून दिली.

आता आजच्या रमजानकडे पाहू. या महिन्यात जकात आणि सदक्याचा पैसा हलतो. फित्रा, रेशनचे किट, ईदचे कपडे, इफ्तारची ताटे, आणि त्यातच कुठेतरी अपंगांसाठी चाकाच्या खुर्च्यांचे वाटप. केवळ रमजानचीच ही गोष्ट नाही. पुढाऱ्याचा वाढदिवस, गणेशोत्सव, कंपनीचा वर्धापनदिन, सगळीकडे हेच दृश्य. फोटोत देणारे पाच-सहा जण उभे आणि घेणारा खाली बसलेला. खुर्ची बहुतेक रुग्णालयात वापरतात तशी, एकाच मापाची. ज्याच्या कमरेखाली संवेदना नाही, त्याला मापाची बैठक आणि योग्य गादी मिळाली नाही तर जखम होते आणि ती दुखत नसल्यामुळे कळतही नाही. अशी जखम महिनोन्‌महिने भरत नाही. खुर्ची फार रुंद असेल तर चाक हाताने ढकलताना खांदे जातात. या गोष्टी खुर्ची वाटणाऱ्याला माहीत नसतात. यात त्याचा हेतू वाईट नसतो. त्याला सांगणारे कुणी समितीत बसलेले नसते, इतकेच.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे काम या संदर्भात पुन्हा पाहण्यासारखे आहे. त्यांचे आत्मकथन ‘चाकाची खुर्ची’ मराठी वाचकांना परिचित आहे आणि अनेकांनी ते डोळ्यांत पाणी आणून वाचले आहे. पण डोळ्यांतले पाणी पुसल्यावर जो भाग उरतो, तो जास्त महत्त्वाचा. ऐन उमलत्या वयात, सोळा-सतराव्या वर्षी, त्यांच्या कमरेखालचे शरीर निकामी झाले. निराशेच्या त्या काळात त्यांना बाबूकाका दिवाण भेटले. ते स्वतः चाकाच्या खुर्चीत होते. त्यांना पाहून नसीमाताईंना कळले की या खुर्चीत बसून कमावता येते, फिरता येते आणि दुसऱ्याला उभे करता येते. डॉक्टर, नातेवाईक, हितचिंतक यांच्याकडून जे मिळाले नव्हते, ते त्याच वाटेवर पुढे गेलेल्या माणसाकडून मिळाले.

पुढे त्यांनी केंद्रीय अबकारी व सीमाशुल्क खात्यात नोकरी केली आणि १९८४ साली सहकाऱ्यांबरोबर ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. पोलिओ झालेल्या गायिका रजनी करकरे-देशपांडे याही त्या उभारणीत होत्या. संस्थेच्या पायाशीच अपंगत्व रोज जगणाऱ्या बायका होत्या आणि त्याचा परिणाम कामात दिसतो. उचगावला ‘घरौंदा’ वसतिगृह झाले, ‘समर्थ’ शाळा झाली, सिंधुदुर्गात ‘स्वप्ननगरी’ प्रकल्प झाला आणि तिथे काजू प्रक्रियेचे काम सुरू झाले. शिक्षणापाठोपाठ मिळकत, असा हा क्रम आहे. शिकून झालेले मूल परत घराच्या कोपऱ्यात जाऊन बसणार असेल तर शाळेचा उपयोग काय, हा प्रश्न ज्याने तो कोपरा पाहिला आहे त्याला आधी सुचतो.

नसीमाताई मुस्लिम घरातल्या. त्यांच्याबरोबरची माणसे वेगवेगळ्या धर्मांची. वसतिगृहात मुलांना घेताना पाय पाहिले गेले, जात-धर्म नव्हे. ‘मुस्लिम महिलेने हिंदू मुलांसाठी केले’ किंवा त्याच्या उलट, अशा कौतुकाची आपल्याकडे फार हौस आहे. हे कौतुक करणाऱ्याला बरे वाटते, पण ज्यांनी काम केले त्यांना त्याचा अर्थ बहुधा लागत नसावा.

अशी संस्था चालवणे म्हणजे काय, हे सत्काराच्या भाषणांत येत नाही. रात्री कूस बदलून देणारी मदतनीस सुट्टीवर गेली तर तिच्या जागी कोण, हा रोजचा प्रश्न असतो. कॅथेटर संपत आले आहेत, गाडीच्या ड्रायव्हरचा पगार थकला आहे, दहावीचे परीक्षा केंद्र दुसऱ्या मजल्यावर आले आहे आणि लेखनिकाची परवानगी अजून हातात नाही. मुलीला स्वच्छतागृहात जाता येत नाही म्हणून ती शाळेत पाणीच पीत नाही, हे शिक्षकाच्या लक्षात येत नाही. ज्या बाईने स्वतः ते केलेले असते तिच्या लक्षात येते. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाने भरपूर पाणी प्यायले नाही तर मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, प्रसंगी मूत्रपिंडावर येते. रमजानमध्ये अशा कित्येकांना म्हणूनच रोजा झेपत नाही. धर्माने त्यांना सूट दिली आहे आणि बरे होण्यासारखा आजार नसेल तर रोज एका गरिबाला जेवू घालण्याचा, फिदयाचा, मार्ग ठेवला आहे. तरीही ‘रोजा नाही का?’ असे भर इफ्तारीत विचारणारे असतातच.

दिल्लीचे जावेद आबिदी (१९६५–२०१८) यांची पद्धत वेगळी होती. तेही चाकाच्या खुर्चीत होते, पण वसतिगृह काढण्याऐवजी ते कायद्याच्या मागे लागले. १९९५चा अपंग व्यक्ती कायदा व्हावा म्हणून रस्त्यावर आलेल्यांत ते पुढे होते. २००१च्या जनगणनेत अपंगांची मोजणी व्हावी यासाठीही ते लढले. त्याच वर्षी स्टीफन हॉकिंग दिल्लीत आले तेव्हा काही ऐतिहासिक वास्तूंवर लाकडी उतार बसवले गेले, त्यामागेही त्यांचा रेटा होता. पाहुणा जगप्रसिद्ध असला की चार दिवसांत उतार होतो आणि गावातला पोरगा असला की ‘वास्तूच्या सौंदर्याला बाधा’ येते, हा फरक त्यांनी सगळ्यांसमोर आणला.

२०११च्या जनगणनेप्रमाणे देशात अपंग व्यक्ती २ कोटी ६८ लाख आहेत. महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६० हजार. २०१६च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले, सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा ठेवल्या आणि सार्वजनिक इमारती सुगम करायला पाच वर्षांची मुदत दिली. ती मुदत संपून गेली. दरम्यान ‘अपंग’चे ‘दिव्यांग’ झाले. शब्द बदलायला एक आदेश पुरला. तहसील कचेरीच्या पायऱ्या मात्र होत्या तिथेच आहेत.

आता पैशाकडे. जकात म्हणजे वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीतले अडीच टक्के. ती कुणाला द्यायची याचे आठ वर्ग कुरआनात सांगितले आहेत. त्यात ‘अपंग’ असा वेगळा वर्ग नाही, हे नीट पाहिले पाहिजे. तिथे गरीब आहे, निराधार आहे, कर्जात बुडालेला आहे. हातपाय नसलेला पण दुकान नीट चालणारा माणूस जकात घेणारा नसतो, त्याच्यावर जकात देण्याचे कर्तव्य असते. शरीर पाहून माणसाला याचकांच्या रांगेत उभे करण्याला इथे आधार सापडत नाही.

अडचण वेगळीच आहे. हनफी मताप्रमाणे जकात गरजू व्यक्तीच्या मालकीची करून द्यावी लागते. त्यामुळे गरीब मुलाला खुर्ची, फी, औषध जकातीतून देता येते. मदतनिसाचा पगार, वीजबिल, शौचालयाचे बांधकाम त्यातून भागत नाही. शिवाय बहुतेक उलेमांच्या मते जकात मुस्लिम गरिबांसाठी आहे, तर ऐच्छिक सदका कोणत्याही धर्माच्या गरजूला देता येतो. सर्व धर्मांची मुले एका छताखाली ठेवणारी संस्था म्हणूनच जकातीवर चालू शकत नाही. तिला सदका, लिल्लाह, इमदाद असा मोकळा पैसा लागतो. पण रमजानमध्ये लोक जकातीचा हिशेब काटेकोर करतात आणि लिल्लाहचे पाकीट मात्र मशिदीच्या रंगकामाला किंवा झुंबराला जाते. कंपन्यांचेही तेच आहे. इमारत बांधून देतात, कारण तिच्यावर पाटी लागते. रात्रपाळीच्या बाईच्या पगारावर पाटी लावता येत नाही. अशा संस्था बंद पडतात त्या बहुधा इमारतीअभावी नव्हे. चालू खर्च भागत नाही म्हणून पडतात.

तेव्हा देणाऱ्याने पावती घेताना दोन गोष्टी विचारायला हरकत नाही. हा पैसा पगाराला वापरता येईल का, ही पहिली. नाही म्हणाले तर वेगळी रक्कम त्यासाठी द्यावी. दुसरी गोष्ट, विश्वस्तांत अपंग व्यक्ती किती आहेत आणि चेकवर सही कोण करते. हा प्रश्न विचारला की अनेक ठिकाणी शांतता पसरते. ‘त्यांना कशाला त्रास’ हे उत्तर ठरलेले असते. त्यामागे माया असेल; पण बैठक जिना चढून जावे लागेल अशा खोलीत ठेवली की त्रास आपोआप होतो आणि मग तेच कारणही होते.

याचा अर्थ खुर्चीत बसलेला प्रत्येक जण चांगला अध्यक्ष होईल, असा नव्हे. अपंगत्व ही हिशेब लिहिण्याची पात्रता नाही. अपंग अध्यक्षही मनमानी करू शकतो, नातेवाईक भरू शकतो. त्याचेही हिशेब दरवर्षी तपासले गेलेच पाहिजेत. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या संस्थेत पालकच पुढे असणार, तेही स्वाभाविक आहे. मात्र तिथेही मुलांना काय आवडते, कुणाच्या हातून जेवायला आवडते, हे त्यांना विचारता येते आणि विचारले जात नाही.

मशिदीत चाकाची खुर्ची आत नेण्याचा प्रश्न निघाला की चाकाच्या मळाची चर्चा होते. दाराशी ओल्या फडक्याने चाक पुसता येते किंवा आत वापरायला एक स्वच्छ खुर्ची ठेवता येते. वजूच्या हौदाशी दोन नळ उंचीवर लावले तर म्हाताऱ्यांचीही सोय होते. देवळाचा सभामंडप, मंगल कार्यालय, बँक, वाचनालय यांचीही गोष्ट हीच. उताराचे माप ठरलेले आहे: एक फूट चढाला बारा फूट लांबी. सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर अठरा फूट. दार तीन फूट मोकळे हवे. ईदला अजून दिवस आहेत आणि गवंडी रोजावर मिळतो. मात्र जागा पाहायला जाताना विश्वस्तांनी मोहल्ल्यातल्या चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला बरोबर न्यावे. उतार कुठून घ्यायचा, कठडा कोणत्या बाजूला आणि वळणावर किती जागा सोडायची, हे तो गवंड्याला सांगेल.