वर्गणी आणि हक्क

कोरेगाव भीमापासून सणसवाडी, शिक्रापूर आणि पुढे रांजणगावपर्यंत नगर रस्त्याला कारखाने उभे राहिले आणि आमच्या शेतकरी घरांत ‘पर्मनंट’, ‘कंत्राटी’, ‘युनियन’ हे शब्द रुळले. त्यांतील युनियनबद्दल एक तक्रार मी नेहमी ऐकतो : “वर्गणी कशाला द्यायची? करार झाला की पगारवाढ सगळ्यांनाच मिळते!” वरवर पाहता हा हिशेब बिनतोड वाटतो. माझ्या मते तो आतबट्ट्याचा आहे.

गावच्या जत्रेचेच पाहा. ज्याने वर्गणी दिली तो दुसऱ्या दिवशी पारावर हिशेब मागतो. ज्याने दिली नाही त्याला तोंड उघडता येत नाही. संघटनेचेही तसेच आहे. वर्गणी ही पगारवाढीची किंमत नव्हे. ती जाब विचारण्याच्या हक्काची किंमत आहे.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र आणले आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवून दिली. केवढे हे कार्य! परंतु त्यांच्या संस्थेला सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता, नियमही नव्हते. १८९७ साली लोखंडे गेले आणि त्यांच्यामागे ती टिकली नाही.

पुढे १९२६ च्या कायद्याने संघटनेचा निधी कोणत्या कामी खर्चावा हे ठरवून दिले आणि हिशेबाच्या वह्या पाहण्याचा हक्क सभासदाला दिला. राजकीय कार्यासाठी निधी वेगळा ठेवावा, त्यात पैसे देण्याची सक्ती कोणावर करू नये, असेही सांगितले. २००१ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामगाराची किमान वर्गणी ठरली वर्षाला अवघी १२ रुपये! २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली. सभासदाचे हे हक्क तिच्यातही आहेत.

सभासदांची नोंद किती मोलाची असते हे १९८२ साली दिसले. १८ जानेवारीला सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या पाठीशी उभे राहून संपावर गेले. पण १९४६ च्या कायद्याप्रमाणे बोलणी करण्याचा अधिकार होता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे. कामगार एकीकडे, अधिकार दुसरीकडे! नव्या संहितेतही कारखान्यात अनेक संघटना असतील, तर हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या संघटनेलाच एकटीने वाटाघाटी करता येतात. बाहेर राहून टाळ्या वाजवणाऱ्याची तेथे गणती नाही.

कोणी म्हणेल, पुढारीच पैसे खातात, त्याचे काय? शंका रास्त आहे. पण वर्गणी बंद केल्याने पुढारी सुधारत नाही. उलट त्याला विचारणारा एक माणूस कमी होतो. ज्या संघटनेला सभासदाच्या पैशाची गरज नाही, तिला त्याच्या मताची तरी गरज का वाटावी?

आता पुष्कळ ठिकाणी कामगाराच्या लेखी संमतीने वर्गणी पगारातून परस्पर कापली जाते. सोय मोठी आहे. पण पूर्वी पगाराच्या दिवशी पावतीपुस्तक घेऊन प्रतिनिधी समोर उभा राही, तेव्हा त्याला चार गोष्टी ऐकवता येत. ती गाठभेट आता उरली नाही. आणि कंत्राटी कामगाराचे काय? त्याचा पगार कंत्राटदार देतो. कारखान्याच्या पगारपत्रकात त्याचे नाव नसते. त्याच्यापर्यंत मुद्दाम कोणी गेले नाही, तर एकाच यंत्रावर राबणाऱ्या दोघांपैकी एकाला संघटना आणि दुसऱ्याला नशीब, अशी वाटणी होते. माझ्या मते आपल्या भागातील संघटनांची खरी परीक्षा येथेच आहे.

विद्यार्थी मित्रहो, पदवी घेऊन आपल्यापैकी कित्येकजण याच रस्त्यावरच्या कारखान्यांत शिरणार आहेत. तेथे वर्गणी अवश्य द्या, पावती जपून ठेवा, वार्षिक सभेला जा आणि हिशेबाची वही मागा. शेजारच्या कंत्राटी सोबत्याचे नाव सभासदांच्या यादीत का नाही, हेही त्याच सभेत उठून विचारा.