तरतरीची बाटली आणि चहाचा हिशेब



सिरसाळ्याच्या एका भगिनींचं पत्र समोर आहे. परळीहून बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. त्या घरी शिवणकाम करतात. लिहितात, "ताई, लग्नसराईमुळे ब्लाउजांचे ढीग पडलेत. दुपारी मशीनवर डोळे मिटायला लागतात. मालक ट्रकवर असतात, त्यांनी जागरणासाठी एनर्जी ड्रिंकचं खोकं आणून ठेवलंय. त्यातली एक बाटली मी रोज दुपारी घेते. अर्ध्या तासात अंगात हुशारी येते. एखाद्या दिवशी नाही घेतली तर डोकं ठणकतं. दहावीतला पोरगाही अभ्यासाला बसताना मागतो. रोज एक घेतली तर चालतं का, एवढंच सांगा." आणि मग अगदी शेवटी, कागदाच्या कोपऱ्यात: "धाकटी जाऊही थोडी घेते. तिला पाचवा महिना आहे."

या कोपऱ्यातल्या ओळीपासूनच सुरुवात करते.

जाऊबाईंची बाटली आजपासून बंद. या पेयातलं तरतरी आणणारं द्रव्य म्हणजे कॅफीन. चहा-कॉफीत असतं तेच. ते वारेतून बाळापर्यंत पोहोचतं, आणि बाळाच्या शरीराला ते पचवता येत नाही. गरोदरपणात आईच्या अंगातूनही ते नेहमीपेक्षा फार सावकाश बाहेर पडतं. कॅफीनचं प्रमाण फार झालं तर बाळ कमी वजनाचं होण्याचा, गर्भपाताचा धोका वाढतो. म्हणून दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅफीन घेणाऱ्या गरोदर स्त्रियांनी ते कमी करावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ मध्ये सांगितलं. युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेनं तर त्यांच्यासाठी २०० हीच मर्यादा धरली आहे. आपल्याकडे बाटलीवरच छापलेलं असतं की मुलं, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांसाठी हे पेय योग्य नाही. अक्षर इतकं बारीक असतं, की सुईत दोरा ओवायचा चष्मा लावूनच वाचावं लागेल! जाऊबाईंना सकाळ-संध्याकाळ एकेक कप चहा पुरे. घाबरून मात्र जाऊ नका. आतापर्यंत घोट-दोन घोट घेतलं म्हणून लगेच काही बिघडलं, असं नाही. तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांच्या कानावर घाला, म्हणजे झालं.

आता तुमची बाटली. आपल्या कायद्याप्रमाणे अशा पेयात एका लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असू शकतं. म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत जास्तीत जास्त ७५. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनात दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम सांगितली आहे. परदेशात धडधाकट माणसाला ४०० पर्यंत चालतं असं मानतात, पण आपण आपल्या संस्थेचंच धरावं. तुम्ही म्हणाल, मग ७५ म्हणजे काहीच नाही की!

पण बाई, चहाचं काय? पत्रात चहाचा शब्द नाही, आणि मराठवाड्यातल्या घरात चहा नाही असं कसं होईल? सकाळी उठल्यावर एक, न्याहारीबरोबर एक, कोणी ब्लाउजचं माप द्यायला आलं की एक, तिच्याबरोबर सासूबाईंनाही आणि मग आपल्यालाही अर्धा. सहा कप सहज होतात. त्याच संस्थेच्या आकड्यांनुसार दीडशे मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असतं. आपला कप लहान, शंभरचा धरला तरी सहा कपांचे १२० ते २६० झाले. त्यात बाटलीचे ७५ मिळवा. चहा कडक असेल, तर गाडी तीनशेच्या पुढे गेलीच. तेव्हा धडधाकट बाईनं क्वचित एखादी बाटली घेतली तर आभाळ कोसळत नाही, पण त्या दिवशी दोन-तीन कप चहा वजा झाला पाहिजे. ज्यांना रक्तदाब, छातीत धडधड किंवा झोपेची तक्रार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

साखरेचा हिशेब वेगळाच. बाटलीवर साखर ग्रॅममध्ये लिहिलेली असते. पाच ग्रॅम म्हणजे एक चहाचा चमचा. काही पेयांच्या पाव लिटरमध्ये पाचाहून अधिक चमचे निघतात. चहात इतकी साखर कुणी घातली तर आपण कप खाली ठेवू.

मला खरी काळजी वाटते ती तुमच्या थकव्याची. कॅफीन शक्ती देत नाही. मेंदूला मिळणारी 'आता दमलो' ही सूचना ते काही तास अडवून धरतं. दमणूक जिथल्या तिथेच राहते. रोज दुपारी डोळे मिटत असतील, तर रात्रीची झोप किती होते आणि अंगात रक्त किती आहे, हे आधी पाहायला हवं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभरांतल्या सत्तावन्न स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. जेवणाला लागून चहा घेतला की अन्नातलं लोह अंगी लागत नाही, म्हणून जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा टाळावा. लोहाची गोळी तर चहाबरोबर कधीच घेऊ नये. जाऊबाईंना हे बजावून सांगा. जेवणात मेथी, भिजवलेले हरभरे, डाळी असाव्यात आणि वर लिंबू पिळावं. त्यानं लोह चांगलं अंगी लागतं.

डोकं ठणकतं ते शरीराला सवय लागल्यामुळे. एकदम सोडलंत तर दोन दिवस जास्तच ठणकेल, म्हणून हळूहळू सोडा. पहिले तीन-चार दिवस अर्धी बाटली, मग पाव, मग बंद. तेवढे दिवस चहा मात्र वाढवू नका, नाहीतर चोर सोडून संन्याशाला फाशी असं व्हायचं! दुपारी जेवणानंतर मशीन बंद करून वीस मिनिटं आडव्या व्हा. उन्हाळ्यात ताक, पन्हं, मीठ-साखर घातलेलं लिंबाचं सरबत, आणि चार वाजता मूठभर शेंगदाणे-गूळ.

मुलाला मात्र अजिबात नाही. संध्याकाळी घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं पाच-सहा तासांनीही अंगात असतं. रात्री आठला घेतलं, तर एक-दीडला पोरगा छताकडे बघत पडणार आणि सकाळी वर्गात पेंगणार. पाठ केलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेतच. शाळांपासून पाचशे मीटरच्या आत अशी पेयं विकायला बंदी घालण्याचं जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत तत्कालीन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी जाहीर केलं होतं. पण बाटली घरच्याच फ्रिजमध्ये असेल तर पाचशे मीटर कुठून मोजायचे?

यजमानांना सांगा, झोप आली की बाटलीच्या भरवशावर ट्रक ओढू नये. कडेला सुरक्षित जागी लावून पंधरा-वीस मिनिटं डुलकी घ्यावी. दारूबरोबर तर हे पेय कधीच नको. चढलेली कळत नाही, आणि माणूस जास्त पितो.

खोक्यातल्या उरलेल्या बाटल्या दुकानदार परत घेत असेल तर देऊन टाका. आल्यागेल्याच्या मुलांना सरबत म्हणून देऊ नका. जाऊबाईंना आरोग्य केंद्रात न्याल तेव्हा तुमचाही केसपेपर काढा आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. आकडा किती आला ते मला जरूर कळवा.