बघ्यांची मर्यादा

नांदेड-लातूर रस्त्यावर एखादा दुचाकीस्वार जखमी होऊन पडतो, भोवती गर्दी जमते आणि दुसऱ्या दिवशी त्या गर्दीला दूषणे देण्याचा कार्यक्रम सुरू होतो. माणुसकी आटली, समाज बघ्यांचा झाला, असे निदान करून टीकाकार मोकळे होतात. हे निदान सोयीचे आहे. खरे आहे असे मात्र म्हणता येत नाही.

मदतीस न जाण्यामागे पोलीस व कोर्टकचेरीचे भय होते आणि ते निराधार नव्हते. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदतकर्त्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना बंधनकारक स्वरूप दिले. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ घालण्यात आले. सद्‌भावनेने मदत करताना चूक झाली, तरी मदतकर्ता दिवाणी वा फौजदारी कारवाईस पात्र ठरत नाही. २०२१ मध्ये केंद्राने ५,००० रुपयांचे बक्षीसही ठेवले. अर्थात हे कलम मोटार अपघातापुरतेच. सर्पदंश झालेल्या शेतमजुराला खांद्यावर घेऊन धावणारा त्यात बसत नाही.

परंतु भय गेले म्हणून कौशल्य येत नाही. वाहत्या जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरणे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावणे, हृदय बंद पडलेल्याची छाती लयीत दाबत राहणे, एवढे कोणासही शिकता येईल व शिकवावयासच हवे. कारण प्राणवायू तुटला की मेंदूची हानी काही मिनिटांतच सुरू होते. त्यापलीकडे साधा माणूस हतबल असतो. कधी तर त्याची तत्परताच घातक ठरते. मणक्याला इजा झालेल्यास चौघांनी हातपाय धरून जीपमध्ये टाकले, तर तो जन्माचा अधू होऊ शकतो. दंशाच्या जागी दोरी आवळणारे व ब्लेड चालविणारे लोक काही निर्दय नसतात. आणि पोटातल्या पोटात होणारा रक्तस्राव तर बघ्याला दिसतही नाही.

याचा सर्वांत कठोर दाखला लातूर जिल्ह्यानेच दिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडमातीची घरे कोसळली, तेव्हा पहिले मदतकर्ते शेजारीच होते; स्वतःची माणसे गमावलेले, हाताने दगडमाती उपसणारे. त्यांना बघे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. तरीही सुमारे ८,००० माणसे गेली. ढिगाऱ्यातून काढलेल्या जखमीला रक्त व शस्त्रक्रिया देणे शेजाऱ्याच्या हाती नव्हते. २०२३ च्या ऑक्टोबरारंभी नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. तेव्हा अनेक रुग्ण दूरवरून व अत्यवस्थ स्थितीत आले होते, असा खुलासा करण्यात आला. तो मान्य केला, तरी त्यांना कोणीतरी उचलून आणले होतेच.

अर्थशास्त्रात ज्यांना पूरक वस्तू म्हणतात, तसे हे आहे. दौत आहे आणि टाक नाही, तर दौतीचे मोल ते काय! वाटसरूच्या मदतीपुढे दवाखान्याची साखळी नसेल, तर ती मदत मधल्या वाटेतच संपते. बक्षिसाने वाटसरूची तयारी वाढेल. अंतर कमी होणार नाही. लोहा, अहमदपूर, चाकूर येथे रात्री दोन वाजता कोणत्या रुग्णालयात शल्यविशारद, भूलतज्ज्ञ व रक्त मिळेल, हे आरोग्य खात्याने जाहीर करावे. मिळत नसेल तर तेही जाहीर करावे, म्हणजे रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला जीप नांदेडकडे वळवावी की लातूरकडे, एवढे तरी ठरविता येईल.