थीम पार्कच्या ट्रिपमध्ये रेस्टॉरंटचं जेवण खरंच गरजेचं असतं का? डिस्नेचं गणित काय सांगतं?

१७ जुलै १९५५. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, अॅनाहाइम गावात डिस्नेलँडचं उद्घाटन होतं. अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त लोक आले होते, ऊन मी म्हणत होतं आणि नेमका त्याच काळात प्लंबर लोकांनी संप केला होता. वॉल्ट डिस्ने यांना सांगण्यात आलं की उद्घाटनापर्यंत एकच काम होईल, एक तर टॉयलेट सुरू होतील, नाहीतर पिण्याच्या पाण्याचे नळ. डिस्नेंनी टॉयलेट निवडली. दुपारपर्यंत आत खाण्याचे पदार्थ संपले, नळ कोरडे होते आणि लोक चिडले. पेप्सी खपावी म्हणून नळ मुद्दाम बंद ठेवलेत, असा आरोप झाला.

आरोप खोटा होता. पण या गोष्टीला सत्तर वर्षं झाली तरी जगातल्या कुठल्याही थीम पार्कमध्ये पोरांना घेऊन गेलेल्या आई-वडिलांच्या मनात दुपारी एक वाजता तोच संशय येतो. तिकीट तर काढलं, आता आत आल्यावर जेवणावर किती जाणार? आणि आत बसून जेवायची खरंच गरज आहे का?

सुट्टीचं प्लॅनिंग करताना लोक तिकीट, विमान आणि हॉटेल यांचे भाव दहा वेबसाइटवर तपासतात. जेवणाचं मात्र "तिथं गेल्यावर बघू" असं असतं. बजेट तिथंच कोसळतं.

पैसे नेमके जातात कुठे?

थीम पार्क म्हटलं की सगळ्यात मोठं उदाहरण फ्लोरिडातल्या ऑर्लँडोचं. तिथलं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ ला सुरू झालं. त्यातल्या मॅजिक किंगडम पार्कचं एका दिवसाचं तिकीट २०२५ मध्ये सगळ्यात गर्दीच्या दिवसांत १९९ डॉलरवर गेलं.

पण कंपनीची कमाई तिकिटावर थांबत नाही. २०२३ च्या आर्थिक वर्षात डिस्नेला पार्कच्या प्रवेश तिकिटांतून १० अब्ज डॉलरपेक्षा जास्त महसूल मिळाला आणि पार्कमधल्या वस्तू, खाणं आणि पेयं यांतून साडेसात अब्ज डॉलरपेक्षा जास्त. टी-शर्ट आणि खेळणी याच आकड्यात येतात, त्यामुळे हे सगळे पैसे काही बर्गरचे नाहीत. तरीही गेटमधून आत शिरल्यावरचा गल्ला गेटवरच्या गल्ल्याच्या किती जवळ पोचलाय, ते यातून दिसतं.

हे पैसे कोण देतं? लेंडिंगट्री या अमेरिकी कंपनीने २०२४ मध्ये एक सर्व्हे केला होता. डिस्नेला जाऊन आलेल्यांपैकी २४ टक्के लोकांनी त्या ट्रिपसाठी कर्ज झाल्याचं सांगितलं. १८ वर्षांखालची मुलं असलेल्या पालकांमध्ये हेच प्रमाण ४५ टक्के होतं. अंदाजापेक्षा जास्त पैसे कशावर गेले, असं विचारल्यावर यादीत सगळ्यात वर पार्कमधलं खाणंपिणं होतं. प्रवास आणि राहणं त्याच्या खाली.

यात नवल नाही. विमानाचं तिकीट एकदाच काढावं लागतं, भूक मात्र दर तीन तासांनी लागते. पोरं बरोबर असतील तर दर तासाला.

डायनिंग प्लॅन: आधीच पैसे भरा आणि निवांत खा?

डिस्नेने यावर २००५ मध्ये एक उपाय आणला, डायनिंग प्लॅन. डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांनी जेवणाचे पैसे माणशी, प्रत्येक रात्रीच्या हिशोबाने आधीच भरायचे. कोरोनाच्या काळात ही योजना बंद झाली आणि ९ जानेवारी २०२४ पासून पुन्हा सुरू झाली.

त्यात दोन प्रकार आहेत. साध्या प्लॅनमध्ये काउंटरवरून ट्रे उचलून खायची दोन जेवणं आणि एक स्नॅक मिळतो. मोठ्या प्लॅनमध्ये एक जेवण वेटर येतो अशा रेस्टॉरंटमध्ये, एक काउंटरवर आणि एक स्नॅक. २०२४ मध्ये साध्या प्लॅनचा दर मोठ्यांसाठी ५७.०१ डॉलर आणि ३ ते ९ वर्षांच्या मुलांसाठी २३.८३ डॉलर होता. मोठ्या प्लॅनचा अनुक्रमे ९४.२८ आणि २९.६९ डॉलर.

आता आई, बाबा, सहा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा असं कुटुंब धरा. चार रात्रींसाठी साधा प्लॅन ६४६.७२ डॉलरला पडतो, मोठा ९९१.७६ डॉलरला. डॉलर ८५ रुपये धरला तर साधारण ५५ हजार आणि ८४ हजार रुपये. म्हणजे बसून जेवायचं की ट्रे उचलायचा, एवढ्याच फरकाचे चार रात्रींत २९ हजार. टीप त्यात धरलेली नाही आणि अमेरिकेत बिलाच्या १८ ते २० टक्के टीप देण्याची पद्धत आहे.

खरी मेख मात्र वयात आहे. डिस्नेच्या लेखी दहा वर्षांचं मूल मोठं माणूस असतं. वरच्या उदाहरणातल्या मुलाचा दहावा वाढदिवस ट्रिपच्या आदल्या आठवड्यात झाला असेल, तर त्याचा मोठ्या प्लॅनचा दर २९.६९ वरून थेट ९४.२८ डॉलर होतो. तो खाणार मात्र तेवढंच, अर्धा पिझ्झा आणि आइस्क्रीम.

शिवाय सगळी रेस्टॉरंट एका मापाने मोजली जात नाहीत. सिंड्रेलाच्या महालात जेवायचं असेल तर प्लॅनमधली दोन जेवणं खर्ची पडतात. पैसे आधीच गेलेले असल्यामुळे माणूस मग ते वसूल करायला बघतो. भूक नसताना डेझर्ट घेतो, वेळ नसताना रेस्टॉरंट शोधत फिरतो. मेन्यू बघून, आपण एरवी काय मागवलं असतं त्याची बेरीज करून मगच प्लॅन घ्यायला हवा आणि कमी खाणाऱ्या घरांना तो बऱ्याचदा परवडत नाही. २०२६ साठी डिस्नेने ऑफर काढली आहे, मोठ्यांनी प्लॅन घेतला तर ३ ते ९ वर्षांच्या मुलांचा प्लॅन फुकट. यात लहान मुलांच्या घरांचं गणित बरंच सुधारतं. दहा वर्षांच्या मुलाचं नाही.

मग बसून जेवायचंच नाही का?

इतकं सोपं नाही. कारण पार्कमधल्या रेस्टॉरंटमध्ये माणूस जे विकत घेतो, त्यातला अन्न हा छोटा भाग असतो.

जुलै महिन्यातली ऑर्लँडोची दुपार मुंबईच्या मे महिन्यासारखी दमट असते आणि वर विजांच्या कडकडाटासह पाऊस. सकाळी नऊपासून चालून चालून पाय गेलेले असतात. बरोबर आजी-आजोबा असतील तर त्यांना राइड्समध्ये फारसा रस नसतो, त्यांना खुर्ची हवी असते. अशा वेळी एसीमध्ये तासभर बसायला मिळणं, कुणीतरी पाणी आणून देणं आणि चौघांनी एकमेकांची तोंडं बघत जेवणं याची किंमत मेन्यू कार्डवर लिहिलेली नसते. बहुतेक घरांत पार्कमधलं मोठं भांडण दुपारी होतं आणि त्याचं कारण राइड नसते, भूक आणि थकवा असतो.

कॅरेक्टर डायनिंगचंही तसंच. डिस्नेच्या काही रेस्टॉरंटमध्ये मिकी, गूफी किंवा राजकन्या टेबलापाशी येऊन मुलांना भेटतात. एरवी पार्कमध्ये त्यांच्याबरोबर फोटो काढायला वेगळी रांग लावावी लागते. चार-पाच वर्षांच्या मुलीसाठी ट्रिपमधली आठवण तीच असेल, तर एका दिवशी तिथं पैसे घालवणं वेडेपणाचं नाही. रोज घालवणं आहे.

उलट बाजूही बघायला हवी. बसून जेवायला तास-दीड तास जातो. ज्या दिवसाचं तिकीट माणशी दीडशे-दोनशे डॉलरचं आहे, त्यातला दीड तास म्हणजे जेवणाच्या बिलावर न छापलेला दुसरा खर्च. म्हणून डिस्नेने २०१७ मध्ये अॅनिमल किंगडममधल्या सातुली कँटीनपासून मोबाइल ऑर्डर सुरू केली. रांगेत असतानाच फोनवर ऑर्डर द्यायची आणि तयार ट्रे उचलायचा. कुटुंबाचा वेळ वाचतो आणि त्याच काउंटरवर कंपनी जास्त लोकांना खायला घालू शकते.

शिवाय नावाजलेल्या रेस्टॉरंटमध्ये आयत्या वेळी गेलं तर जागा मिळणं कठीण. बुकिंग ६० दिवस आधी उघडतं. कोरोनाच्या आधी ते चक्क १८० दिवस आधी उघडायचं, म्हणजे ऑक्टोबरमध्ये आपल्याला कुठे बसून काय खावंसं वाटेल ते एप्रिलमध्ये ठरवायचं. बुकिंग करून गेला नाहीत तर बहुतेक ठिकाणी माणशी १० डॉलर कापले जातात. दोन तास आधी रद्द केलं तर सहसा काही लागत नाही, हे लक्षात ठेवलेलं बरं.

लोक कधी आणि कसं जेवतात हे ओळखण्यात खुद्द डिस्नेही फसली आहे. १२ एप्रिल १९९२ ला पॅरिसजवळ त्यांचं पार्क उघडलं. युरोपातले लोक नाश्ता करत नाहीत, असा सल्ला मिळाल्यामुळे रेस्टॉरंट लहान ठेवली होती. प्रत्यक्षात ३५० खुर्च्यांच्या रेस्टॉरंटमध्ये २,५०० नाश्ते द्यायची वेळ आली. अमेरिकेत लोक दिवसभर जमेल तसं खातात, इथे सगळे साडेबारा वाजता एकदम जेवायला आले. जेवणाबरोबर वाइन मिळत नाही म्हणून फ्रेंच लोक वैतागले ते वेगळंच. पुढच्याच वर्षी कंपनीने वाइनवरची बंदी उठवली.

घरचा डबा चालतो का?

जेवणाचा सगळा हिशोब शेवटी या एका प्रश्नावर येतो. गंमत म्हणजे एवढं महाग डिस्ने वर्ल्ड घरचं खाणं आत नेऊ देतं. काचेची बाटली, दारू आणि गरम करावं लागेल असं काही नको, बाकी सँडविच, फळं, थेपले, चिवडा चालतो. ज्या काउंटरवर कोल्ड्रिंक मिळतं तिथं बर्फाचं पाणी फुकट मिळतं, मागायचं फक्त. त्यामुळे तिथं रेस्टॉरंट हा पर्याय असतो, सक्ती नाही. सकाळचा नाश्ता हॉटेलच्या खोलीत, दुपारी डबा आणि संध्याकाळी एकदा बसून जेवण, असं जमवणाऱ्यांचं बिल डायनिंग प्लॅनपेक्षा बरंच खाली येतं.

टोकियो डिस्नेलँडमध्ये नियम उलटा आहे. बाहेरचं खाणं आत चालत नाही. पण गेटबाहेर पिकनिकसाठी खास जागा ठेवली आहे, तिथं बसून डबा खायचा आणि पुन्हा आत जायचं.

भारतातल्या बहुतेक मोठ्या पार्कमध्ये बाहेरच्या खाण्याला बंदी असते. सहसा सूट मिळते ती तान्ह्या बाळाच्या खाण्याला आणि औषधांना. गेटवर बॅग तपासली जाते आणि पुऱ्या-बटाट्याच्या भाजीचा डबा लॉकरमध्ये जातो.

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही, फक्त तो मल्टिप्लेक्सच्या निमित्ताने झाला. जुलै २०१८ मध्ये नागपूर अधिवेशनात तेव्हाचे राज्यमंत्री रवींद्र चव्हाण यांनी मल्टिप्लेक्समध्ये बाहेरचं खाणं न्यायला बंदी नसल्याचं सांगितलं होतं. पुढच्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयात सरकारने सुरक्षेचा मुद्दा पुढे करून हात आखडता घेतला. नंतर ३ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने जम्मू-काश्मीरमधल्या एका प्रकरणात निकाल दिला की सिनेमागृह ही खाजगी मालमत्ता आहे आणि बाहेरचं खाणं रोखण्याचा हक्क मालकाला आहे. मात्र पिण्याचं पाणी फुकट द्यावं लागेल आणि बाळाचं खाणं अडवता येणार नाही. कुणी आत जिलेबी खाऊन खुर्चीला हात पुसले तर काय, असा प्रश्न तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी सुनावणीत विचारला होता आणि तो भरपूर गाजला.

निकाल सिनेमागृहांपुरता होता. तिथं प्रेक्षकाला आतलं खाणं न घेण्याचं स्वातंत्र्य आहे, हा त्यामागचा एक आधार. पण तीन तासांचा सिनेमा उपाशीपोटी बघता येतो. आठ-दहा तासांच्या पार्कमध्ये, शहरापासून लांब, आसपास दुसरं हॉटेल नसताना सहा वर्षांच्या मुलाला "तुला न घेण्याचं स्वातंत्र्य आहे" असं सांगता येत नाही. अशा ठिकाणी जेवणाचा दर हा तिकिटाचाच भाग मानायला हवा. बुकिंग करताना वेबसाइटवर जेवणासह पॅकेज आहे का, आतल्या मेन्यूचे दर दिलेत का आणि एकदा बाहेर पडल्यावर पुन्हा आत घेतात का, हे तीन प्रश्न आधी विचारले तर गेटवरची वादावादी टळते.

मराठी टूर कंपन्यांना हे कधीच कळलं आहे. परदेशी सहलीच्या जाहिरातीत भारतीय जेवणाचा उल्लेख ठळक अक्षरात असतो, कारण दिवसभर पार्कमध्ये फिरल्यावर रात्री वरण-भात मिळणार का, हा प्रश्न बुकिंग करणारे हमखास विचारतात. स्वतःहून जाणाऱ्या शाकाहारी कुटुंबांचीही ऑर्लँडोत अगदीच अडचण होत नाही. डिस्नेच्या अॅनिमल किंगडम लॉजमधल्या सना नावाच्या रेस्टॉरंटमध्ये नान आणि नऊ प्रकारच्या चटण्या-डिप्सची थाळी मिळते आणि खिडकीबाहेर जिराफ चरताना दिसतात. ते पार्कच्या बाहेर, हॉटेलात असल्यामुळे तिथं जेवायला पार्कचं तिकीट लागत नाही.